प्रादेशिक आर्थिक गट व विकसनशील देशांचा व्यापार

एकमेकांच्या शेजारी असलेल्या वा ऐतिहासिक संबंधांनी जोडलेल्या देशांनी परस्परांतील व्यापारावरील सीमाशुल्क, कोटा, परवाने इ. बंधने कमी करण्यासाठी वा नाहीशी करण्यासाठी करारान्वये स्थापन केलेल्या संघटनेस ‘प्रादेशिक आर्थिक गट’ असे म्हणतात. अशा गटात सामील झाल्याने सभासद देशांना विस्तृत बाजारपेठ मिळते; परंतु गटाबाहेरील देशांच्या मालावरील बंधने कायम राहत असल्यामुळे गट हा एकाच वेळी मुक्त व्यापाराचा व संरक्षणाचाही प्रकार ठरतो. विकसनशील देशांच्या बाबतीत त्याचे परिणाम विशेष गुंतागुंतीचे असतात. कारण त्यांच्या निर्यातीत शेतमालाचा व कच्च्या मालाचा वाटा मोठा असतो, सरकारी महसूल बऱ्याच अंशी सीमाशुल्कावर अवलंबून असतो आणि शेजारी देशही बहुधा तोच माल पिकवीत असतात.

गटांचे प्रकार : एकीकरणाच्या प्रमाणानुसार गटांचे पुढील प्रकार मानले जातात. काही निवडक मालावर सभासदांना शुल्कात सवलत देणे, ही अधिमान्य व्यापाराची पहिली पायरी होय. मुक्त व्यापार क्षेत्रात सभासदांमधील शुल्के रद्द होतात. मात्र प्रत्येक देश बाहेरील मालावर आपले स्वतंत्र शुल्क आकारतो. सीमाशुल्क संघात बाहेरील मालावरही सर्व सभासदांचे एकच समान शुल्क असते. सामाईक बाजारपेठेत मालाबरोबर श्रम व भांडवल यांचीही मुक्त हालचाल होते, तर आर्थिक संघात चलन व आर्थिक धोरण यांचेही एकीकरण होते. प्रशियाच्या नेतृत्वाखाली १८३४ मध्ये अस्तित्वात आलेला जर्मन संस्थानांचा सीमाशुल्क संघ हे याचे प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण असून १९५७ च्या रोम करारान्वये स्थापन झालेला यूरोपीय आर्थिक समुदाय हे विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी उदाहरण होय. जागतिक व्यापाराच्या सर्वसाधारण करारातील चोविसाव्या कलमाने अशा गटांना समान वागणुकीच्या तत्त्वाचा अपवाद म्हणून मान्यता दिली आणि १९७९ च्या निर्णयाने विकसनशील देशांना आपापसांत अधिक सैल स्वरूपाच्या सवलती देण्याची मुभा मिळाली.

सैद्धांतिक विवेचन : जेकब व्हायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये सीमाशुल्क संघांविषयी लिहिलेल्या ग्रंथात गटाच्या दोन परिणामांत भेद केला. शुल्क रद्द झाल्यामुळे देशातील महाग उत्पादनाची जागा सभासद देशाच्या स्वस्त मालाने घेतली, तर ती ‘व्यापारनिर्मिती’ होय. उलट, बाहेरील देशाचा मूळचा स्वस्त माल केवळ शुल्कामुळे महाग पडू लागून त्याऐवजी सभासद देशाचा अधिक खर्चाचा माल घेतला जाऊ लागला, तर ते ‘व्यापारदिशांतर’ होय. पहिल्याने साधनसामग्रीचा अधिक कार्यक्षम वापर होतो. दुसऱ्याने ग्राहकाला काही लाभ झाला, तरी सरकारचा महसूल बुडतो व तो बऱ्याच अंशी शेजारील देशाच्या महाग उत्पादकाच्या हाती जातो. गट हितकारक आहे की नाही, हे या दोहोंपैकी कोणता परिणाम प्रबळ ठरतो यावर अवलंबून असते. विकसनशील देशांच्या संदर्भात याखेरीज आणखी तीन प्रश्न विचारात घ्यावे लागतात : शुल्काचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, गटाचा लाभ कोणत्या भागात केंद्रित होतो आणि बुडालेल्या महसुलाची व व्यवसायाची भरपाई कोण करतो. हे प्रश्न केवळ सार्वभौम राष्ट्रांपुरते मर्यादित नाहीत. एकाच भूप्रदेशातून सीमाशुल्काची रेषा जात असली, म्हणजे तेच प्रश्न तेथेही उद्‌भवतात. महाराष्ट्रात याचे उद्‌बोधक उदाहरण बार्शी या व्यापारी गावाच्या इतिहासात आढळते.

बार्शीची सरहद्दीवरील बाजारपेठ : बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण बालाघाटच्या डोंगररांगांच्या पायथ्याकडील प्रदेशात वसले आहे. ब्रिटिश अमदानीत हा तालुका मुंबई इलाख्यात होता; परंतु त्याच्या उत्तरेस व पूर्वेस परांडा, भूम, कळंब, उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील मुलूख होता. लोकव्यवहारात यास ‘मोगलाई’ म्हणत. दोन्हीकडची जमीन, पिके, भाषा व नातीगोती एकच होती. मात्र राज्यकारभार, चलन व जकात भिन्न होती. ब्रिटिश हद्दीतील मालवाहतुकीवरील अंतर्गत जकाती बंगालमध्ये १८३६, मुंबई इलाख्यात १८३८ व मद्रास इलाख्यात १८४४ मध्ये रद्द झाल्या. हैदराबाद संस्थानात मात्र ईस्ट इंडिया कंपनीबरोबरच्या १८०२ च्या व्यापारी तहात ठरलेली मर्यादा धरून आयात व निर्यात या दोहोंवर सामान्यतः मूल्याच्या ५ टक्के शुल्क घेतले जाई. या खात्यास ‘करोडगिरी’ अशी संज्ञा होती. संस्थानचा हाली शिक्का रुपया व ब्रिटिश कलदार रुपया यांचे प्रमाण सात हाली रुपयांस सहा कलदार असे साधारणपणे होते.

बालाघाटावरील कापूस व तेलबिया बैलगाड्यांनी बार्शीस येत आणि तेथून मुंबईकडे जात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या सुमारास सोलापूरपर्यंत पोहोचल्यावर कुर्डुवाडीजवळचे ‘बार्शी रोड’ हे स्थानक या व्यापाराचे द्वार बनले. तेथून बार्शी सु. ३५ किमी. अंतरावर असल्याने एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीने अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकला आणि १८९७ मध्ये ‘बार्शी लाइट रेल्वे’ सुरू झाली. तिची एक शाखा १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत गेली. दुसरीकडे मार्ग मोगलाईत वाढवून १९११ मध्ये तो लातूरपर्यंत नेण्यात आला. पुढे १९२७ मध्ये पंढरपूरचा फाटा मिरजेस जोडला गेला. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली.

लोहमार्गाने वाहतुकीचा खर्च घटविला. परंतु सरहद्दीवरील जकात त्याने नाहीशी झाली नाही. येथे शुल्काचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न स्पष्ट होतो. कापूस व तेलबिया यांचा भाव मुंबईच्या व पर्यायाने परदेशी बाजारात ठरत असे. तो वाढविणे मोगलाईतील शेतकऱ्याच्या हाती नव्हते. त्यामुळे बार्शीस १०० रुपयांना विकला जाणारा माल सरहद्दीपलीकडून येत असेल, तर वाहतूक वगळूनही सु. ५ रुपये उत्पादकाच्या पदरातून कमी होत. उलट दिशेने जाणाऱ्या कापडास, लोखंडी सामानास वा अन्य आयात मालास मुंबई बंदरात ब्रिटिश सीमाशुल्क द्यावे लागे व पुन्हा संस्थानच्या हद्दीवर करोडगिरी द्यावी लागे. म्हणजे विकताना एकदा व विकत घेताना दोनदा, असा भार समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या कोरडवाहू प्रदेशावर पडे. बंदर नसलेल्या आफ्रिकेतील व आशियातील देशांची आजची स्थिती याच प्रकारची आहे.

सरहद्दीचा दुसराही परिणाम असतो. जेथे माल थांबतो, मोजला जातो, चलन बदलले जाते व नव्या गाड्यांत भरला जातो, तेथे अडत, सावकारी, गुदामे व सरकी काढण्याचे कारखाने यांची वाढ होते. बार्शीच्या पेठेच्या भरभराटीस तिचे भौगोलिक स्थान व लोहमार्ग यांबरोबर सरहद्दीचे हे सान्निध्यही कारणीभूत होते. बाजाराचे नियमनही दोन्हीकडे वेगवेगळ्या कायद्यांनी झाले : हैदराबादमध्ये १९३० च्या व मुंबई इलाख्यात १९३९ च्या कायद्याने.

सरहद्द नाहीशी झाल्याचे परिणाम : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात समाविष्ट झाले. संस्थानांच्या अर्थव्यवहाराची चौकशी करणाऱ्या व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीने अंतर्गत जकाती रद्द करण्याची शिफारस केली. भारतीय संविधानाच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार मुक्त असेल हे तत्त्व प्रस्थापित केले. मात्र ३०६ व्या अनुच्छेदान्वये हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गाच्या राज्यांना अशा जकाती काही काळ चालू ठेवण्याची सवलत होती. महसुलाची तूट एकदम पडू नये म्हणून विक्रीकरासारखी पर्यायी साधने उभारीत जकाती टप्प्याटप्प्याने काढण्यात आल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व ३०६ वा अनुच्छेदही निरसित झाला.

या एकीकरणाने सरहद्दीपलीकडील उत्पादकास बाजार निवडण्याची मोकळीक मिळाली व दोन्ही बाजूंच्या भावांतील कृत्रिम अंतर नाहीसे होण्याची वाट मोकळी झाली. ही व्यापारनिर्मिती होय. तथापि बार्शीच्या पेठेला सरहद्दीमुळे मिळालेले विशेष महत्त्व त्याबरोबर संपुष्टात आले. पूर्वी मोगलाईत असलेले लातूर हे कडधान्ये व तेलबिया यांचे राज्यातील अग्रगण्य बाजारकेंद्र बनले. बार्शी ज्वारी, तूर, उडीद व सोयाबीन यांची मोठी पेठ म्हणून टिकून राहिली. मात्र ती आता सरहद्दीवरील पेठ नसून एका विस्तृत बाजारपेठेतील अनेक केंद्रांपैकी एक झाली. एकीकरणाचा एकूण लाभ आणि एखाद्या विशिष्ट गावाचा लाभ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. हे एकीकरण टिकले, याचे महत्त्वाचे कारण असे, की त्यास एका संघराज्याचा, समान चलनाचा व पर्यायी महसुलाचा आधार होता. सार्वभौम देशांच्या गटांना हा आधार बहुधा लाभत नाही.

गोव्यातील सीमाशुल्क संघ : भरपाई व लाभाचे वाटप यांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे उदाहरण ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज गोवा यांच्यातील १८७८ च्या तहात सापडते. १८८० पासून अंमलात आलेल्या या तहाने दोन्ही प्रदेशांचा सीमाशुल्क संघ स्थापन झाला व मुरगाव बंदर आणि तेथून घाटमाथ्याकडे जाणारा लोहमार्ग उभारण्यास चालना मिळाली. परंतु ब्रिटिशांची मिठाची मक्तेदारी गोव्यासही लागू करण्यात आली. पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वार्षिक ४ लाख रुपये मिळत. मिठागरांवर पोट भरणाऱ्यांना मात्र उपजीविकेचे साधन गमवावे लागले. भरपाई राजकोषात गेली व झळ श्रमिकांना बसली. असंतोष वाढून १८९२ मध्ये हा तह संपुष्टात आला.

विकसनशील देशांचे गट : दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या देशांनी कारखानदारीस पुरेशी बाजारपेठ मिळावी, या हेतूने गट स्थापन केले. लॅटिन अमेरिकेत १९६० मध्ये मुक्त व्यापार संघटना व मध्य अमेरिकी सामाईक बाजारपेठ, १९६९ मध्ये अँडियन गट, तर १९९१ मध्ये ‘मर्कोसूर’ हे गट अस्तित्वात आले. आफ्रिकेत १९६७ मध्ये केन्या, युगांडा व टांझानिया यांचा पूर्व आफ्रिकी समुदाय आणि १९७५ मध्ये पश्चिम आफ्रिकी राज्यांचा आर्थिक समुदाय स्थापन झाला. पूर्व आफ्रिकी समुदायात कारखानदारी केन्यात केंद्रित झाली. इतर दोन देशांना संरक्षण देण्यासाठी हस्तांतरण कराची तरतूद केली असूनही असंतोष शमला नाही व राजकीय मतभेदांची भर पडून १९७७ मध्ये समुदाय मोडला. पुढे १९९९ च्या करारान्वये त्याची पुनःस्थापना झाली. आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापार क्षेत्राचा करार २०१८ मध्ये होऊन त्याखालील व्यापारास १ जानेवारी २०२१ पासून आरंभ झाला.

आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या ‘आसिआन’ संघटनेचा (स्थापना १९६७) अनुभव तुलनेने यशस्वी आहे. १९९२ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्राचा निर्णय घेतल्यावर तेथे वस्तूचे निरनिराळे भाग निरनिराळ्या देशांत तयार करण्याची पद्धती रुजली. सभासदांचा सु. पाचवा ते चौथा हिस्सा व्यापार आपापसांत होतो. यूरोपीय संघात हे प्रमाण सु. ६० टक्के, तर दक्षिण आशियात केवळ ५ टक्क्यांच्या आसपास आहे. दक्षिण आशियाई देशांची ‘सार्क’ संघटना १९८५ मध्ये स्थापन झाली व तिचा मुक्त व्यापार करार २००६ पासून अंमलात आला. परंतु भारत-पाकिस्तान संबंधांतील तणाव, संवेदनशील मालाच्या लांबलचक याद्या व सरहद्दीवरील अपुऱ्या सोयी यांमुळे त्याची प्रगती मंद राहिली.

विकसित देशांच्या गटांचे परिणाम : १९७३ मध्ये ब्रिटन यूरोपीय समुदायात गेल्यामुळे भारतासारख्या राष्ट्रकुलातील देशांना ब्रिटिश बाजारपेठेत मिळणाऱ्या जुन्या सवलती क्रमशः संपल्या. आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक प्रदेशांतील देशांना १९७५ च्या लोमे करारान्वये विशेष सवलती मिळाल्या. भारत त्या गटात नव्हता. तथापि मोठ्या गटाचे एक सोयीचे अंगही असते : एकदा प्रवेश मिळाल्यावर सर्व सभासद देशांचे दार एकाच नियमाने उघडते. सोलापूर, सांगली व नासिक जिल्ह्यांतील द्राक्षबागायतदारांना यूरोपीय बाजारपेठ अशीच उपलब्ध झाली. मात्र नियमही एकच असल्याने दार बंद होण्याचा धोकाही एकवटतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचा अंश आढळल्यामुळे भारतीय द्राक्षांच्या पाठवण्या अडविल्या गेल्या व निर्यातदार आणि बागायतदार यांचे मोठे नुकसान झाले. शुल्क घटले, तरी मालाच्या शुद्धतेविषयीचे निकष हे व्यापारावरील प्रभावी बंधन ठरू शकते.

कडधान्ये व तेलबिया : बार्शीच्या सभोवारची जुनी सरहद्द नाहीशी झाली असली, तरी तेथील भावांवर परिणाम करणारी शुल्काची रेषा आता बंदरांवर आहे. भारत हा कडधान्यांचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक, उपभोक्ता व प्रमुख आयातदारही आहे. तुरीची आयात मुख्यतः म्यानमार, मोझँबीक, मालावी व टांझानिया यांकडून होते. म्यानमार आसिआनचा सभासद असून भारत-आसिआन वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून सुरू झाला. शिवाय भारताने २००८ मध्ये जाहीर केलेल्या योजनेनुसार अत्यल्प विकसित देशांतून येणाऱ्या बहुतेक मालास शुल्कमाफी आहे.

२०१५ मध्ये तूरडाळीचे भाव किलोस २०० रुपयांपर्यंत गेल्यावर भारताने जुलै २०१६ मध्ये मोझँबीकशी तूरखरेदीविषयी पाच वर्षांचा करार केला. त्याच वर्षी पाऊस चांगला झाला व वाढीव भावामुळे पेराही वाढला. देशातील तुरीचे उत्पादन २०१५-१६ मधील सु. २६ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये सु. ४९ लाख टनांवर गेले. बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल हा हमीभाव असताना बाजारभाव त्याखाली उतरले. मार्च २०१७ मध्ये १० टक्के आयातशुल्क बसविण्यात आले. परंतु प्रमुख पुरवठादार देश अत्यल्प विकसित असल्याने त्यांच्या मालास ते लागू नव्हते. परिणामी ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीच्या परिमाणावरच मर्यादा घालावी लागली. त्यामुळे पूर्व आफ्रिकेत तुरीचे भाव कोसळले व भारतीय मागणीच्या भरवशावर पेरणी केलेल्या तेथील लहान शेतकऱ्यांची हानी झाली. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली करण्यात आली व त्या वर्षी म्यानमार आणि मालावी यांच्याशीही पाच वर्षांचे खरेदी करार झाले. बालाघाटावरील व मोझँबीकमधील कोरडवाहू शेतकरी परस्परांचे स्पर्धक असले, तरी धोरणातील अस्थैर्याची झळ दोघांनाही पोहोचते, हे येथे लक्षणीय होय.

तेलबियांच्या बाबतीत ‘मूळस्थानाचे नियम’ महत्त्वाचे ठरतात. मुक्त व्यापार क्षेत्रात प्रत्येक देशाचे बाह्य शुल्क वेगळे असल्यामुळे कमी शुल्काच्या देशातून माल आत आणून तो सभासद देशात विनाशुल्क पाठविण्याचा मोह निर्माण होतो. तो टाळण्यासाठी मालावर सभासद देशात पुरेशी प्रक्रिया झाली असल्याची अट घालतात. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २००० मध्ये सुरू झाल्यावर आयात पामतेलापासून बनविलेले वनस्पती तूप श्रीलंकेतून भारतात मोठ्या प्रमाणावर आले. २०१९ च्या सुमारास नेपाळमधून शुद्ध पामतेल येऊ लागले. नेपाळात पामची लागवड होत नसूनही ती त्याची प्रमुख निर्यात बनली. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. अशा आयातीचा दाब सोयाबीन व करडई पिकविणाऱ्या प्रदेशांवर पडतो. याउलट खाद्यतेल विकत घेणाऱ्या कुटुंबास ते स्वस्त मिळते. अनेक शेतकरी कुटुंबे एकाच वेळी विक्रेती व ग्राहक असल्याने लाभहानीचा हिशेब सरळ राहत नाही. शेती व दुग्धव्यवसाय यांवरील संभाव्य परिणाम आणि चीनशी असलेली व्यापारातील तूट यांमुळे भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये आशिया-पॅसिफिकमधील व्यापक प्रादेशिक भागीदारी करारातून बाहेर राहिला; उरलेल्या १५ देशांनी २०२० मध्ये तो केला.

मूल्यमापन : प्रादेशिक गट विकसनशील देशांचा व्यापार आपोआप वाढवीत नाहीत. सभासदांची उत्पादने परस्परपूरक असणे, रस्ते, लोहमार्ग व गुदामे यांची सोय, चलनविनिमयाची सुलभता व नियमांचे स्थैर्य यांवर व्यापारनिर्मिती अवलंबून असते. बार्शीच्या उदाहरणात लोहमार्ग प्रथम आला व जकात चार दशकांहून अधिक काळाने हटली. दक्षिण आशियात शुल्के घटली, परंतु वाहतुकीच्या सोयी मागे राहिल्या. दोन्ही गोष्टी बरोबर झाल्याशिवाय उत्पादकास पूर्ण लाभ होत नाही. दुसरे असे, की शुल्क हटल्याचा लाभ विखुरलेला असतो, तर त्यामुळे होणारी हानी एखाद्या गावावर, पिकावर वा व्यवसायावर केंद्रित होते. पूर्व आफ्रिकेतील समुदाय व गोव्यातील संघ हे या हानीची योग्य भरपाई न झाल्याने अस्थिर बनले. हैदराबादचे एकीकरण टप्प्याटप्प्याने व पर्यायी महसुलाच्या आधारे झाल्याने टिकले. म्हणून गटात प्रवेश करताना शुल्ककपातीचा कालक्रम, मूळस्थानाच्या नियमांची अंमलबजावणी, हमीभावाने खरेदीची सिद्धता आणि बदलाची झळ लागणाऱ्या भागांसाठी साहाय्य या तरतुदी करारातील सवलतींइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.